दुधाची दाढ

शिरगाव, बदलापूर पूर्व

ती. वृंदाताईस चिंतूचा वाकून नमस्कार.

ओसरीवर आपली मैना शेळी दुपारभर रवंथ करायची, तो आवाज सकाळपासून कानात घुमतोय. मी शाळेतल्या कविता म्हणायचो आणि ती चघळत ऐकायची.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

कच्छच्या माळावर मला सापडलेला तो इवला जबडा आठवतो? सशाएवढा, रवंथ करणारा, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी. दाढांवर चंद्रकोरीसारखे उंचवटे. नव्या जातीला मैनेचं नाव द्यायचं ठरवून, मी तो जबडा श्रीखंडाच्या डब्यात घालून संशोधन संस्थेतल्या अवधूतकडे अभ्यासाला दिला. माझाच विद्यार्थी, अंबरनाथहून यायचा आणि जेवूनच जायचा.

लेख छापून आला, ताई. शोध त्याच्या नावावर, प्राण्याला नाव त्याच्या संस्थेतल्या साहेबांचं. मी आभारातसुद्धा नाही.

वर म्हणे, जबडा पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा! मी बजावलं होतं, "ही तीन पाकळ्यांची दाढ दुधाची आहे रे, हे पिल्लू आहे." आण्णांनी करडाचं तोंड उघडून आपल्याला अशीच दाढ दाखवली होती ना? तो हसला, "काका, शेळीचं शास्त्र राहू द्या!" आता त्याची अख्खी नवी जात त्या दुधाच्या दाढेवर उभी आहे; जबडा पिल्लाचा ठरला, की त्याचं सगळं वर्णन कोसळेल. चूक जगाला कळवावी, तर हात धजत नाही.

थांब, बेल वाजली. सूनबाई सांगतेय, "बाबा, अवधूत आलाय. हातात आपला तो श्रीखंडाचा डबा आहे. आत ये म्हटलं, तरी उंबऱ्याबाहेरच उभा आहे."

तुझा,
चिंतू