चौपेडी वेणी

१७ नोव्हें., सोमवार
ह्यांना जाऊन आज महिना. पुढच्या सोमवारी शाळेच्या ऑफिसात कामावर हजर व्हायचं. केसांचं काय करावं कळत नाही. उजवा खांदा आखडल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, माझी वेणी हेच घालायचे. बोटीवर असताना दोर वळायचे, तशी चौपेडी. महिनाभर नुसती गाठ मारून आहे.
वन्सचा नाटे गावाहून फोन. "वहिनी, खांद्याइतके कापून टाका. रविवारी मी येते, पार्लरमध्ये जाऊ." बरं म्हटलं.

१८ नोव्हें.
बरं का म्हटलं?
मृदूला दापोलीला व्हिडिओ कॉल. म्हणाली, केस डाव्या खांद्यावरून पुढे घे, हात वर न्यावाच लागत नाही. तिपेडी जमली. वाकडी, पण जमली. "आई, माझ्या वर्गातली दिसतेस." काहीतरीच.

२० नोव्हें.
दोन वेण्या घालून पाहिल्या. ह्या वयात बऱ्या दिसत नाहीत. सोडल्या. मग दोन पेडांचा पीळ. आमटीला फोडणी देईपर्यंत उलगडला.
तिपेडीवर ऑफिसला जाता येईल. पण मला चौपेडी हवी. कशी घालायचे? पाच वर्षांत एकदाही पाहिली नाही. सगळं पाठीमागे. फक्त ओढ आठवते. आधी डाव्या कानामागे, मग...
"हलू नको, होडी सुटेल," म्हणायचे.

२२, शनि.
मृदू दुपारच्या एसटीने आली. वन्स उद्या कशाला येतायत ते सांगितलं. "तुला कापायचेत का?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.

२३, रवि.
सकाळी मृदूला पाटावर बसवलं, तिच्या केसांवर करून बघायला. चार पेड केले. तिसऱ्या फेरीला गोंधळ. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता उजवीकडचा. बाबांची ओढ तिथे बसायची."
बारावीत तिचीही वेणी हेच घालायचे. मी विसरलेच होते.
ती सांगत गेली, मी घालत गेले. "एवढी सैल नको, बाबा करकचून घालायचे." अर्ध्यापर्यंत आली. पुढचं तिला आठवेना, मलाही. खाली तिपेडी घालून रबर लावला.
म्हणाली, आता तू बस, उरलेलं तुला आठवतं का बघू.
तेवढ्यात वन्स आल्या. बाहेर चहा घेतायत. पार्लर एकला बंद होतं म्हणाल्या. मी पाटावर, वही मांडीवर. मृदू मागे, माझे चार पेड धरून. मान सरळ ठेव म्हणते, लिहिणं थांबव.