वीस सेंटिमीटर डावीकडे

४ मार्च
काल पुन्हा हरलो. व्हॉलीबॉलची सलग नववी मॅच. पण निराश नाही. तळाला राहिलो तर खालच्या लीगमध्ये जाऊ, आणि खालच्या लीगला नगरपालिका हॉल देत नाही. म्हणजे टीमच बंद. छे! मी असताना? तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवतोय. संकल्प: यापुढे जंप सर्व्ह शास्त्रानुसार.
आमच्या पोरींत ती फक्त तियानाला जमते. कशी मारतेस, विचारलं. म्हणाली, सर, उडते आणि मारते. एकोणीस वर्षांची आहे, पहाटे चारपासून बेकरीत राबते. तिला दोष देत नाही.

७ मार्च
मोबाइलवर स्लो मोशनमध्ये ४७ सर्व्हिस. गुडघ्यातलं बळ कमरेत, कमरेतलं खांद्यात, तिथून मनगटात. साखळी! मापांचा तक्ता पुरुष खेळाडूंचा मिळाला. दहा टक्के कमी करून वापरतोय. तियानानं विचारलं, दहा टक्के कशातून, सर? उंचीतून की अकलेतून?

१० मार्च
हॉलमध्ये ऑक्सिजन कमी. दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या. हॉल सांभाळणाऱ्या स्टोयांकामावशींनी छातीवर क्रूस काढला. अरे मास्तर, आरपार वारं! पोरींची ओटीपोटं गारठतील, तुझी मान धरेल, मग बोंबलत येशील! एकविसाव्या शतकात हे. आता मुद्दाम खिडकीखालीच बसतो, उदाहरण म्हणून.

१३ मार्च
सापडलं!!! तियानाचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू, वर गेला की वीस सेंटिमीटर डावीकडे सरकतो. दर वेळी. मनगटाचा दोष. बायकांच्या मनगटाची घडणच तशी असणार. कोणी लिहिलंय का बघायला हवं. नसेल तर मी लिहीन.
(बाहेर कोशावा वारा सुटलाय, पाचवा दिवस. कागद सारखे उडत होते. त्यांच्यावर चेंडू ठेवले.)

१७ मार्च
उपाय: तिची धाव वीस सेंटिमीटर डावीकडून. जमिनीवर चिकटपट्टी लावली. अठरापैकी पंधरा आत! जुनी सवय मोडायला रोज दीडशे. खांदा दुखतो म्हणते. दुखणारच, शिकतेय ना.

२२ मार्च
बाहेरगावी मॅच. हरलो. तियानाच्या सगळ्या सर्व्हिस बाहेर. तिथे खिडक्या रंगानं चिकटून बंद, श्वास घुसमटतो. पोरींना ऑक्सिजन मिळाला नाही, दुसरं काय! तियाना म्हणाली, सर, माझी जुनीच मारू का? म्हटलं, ऐन मोक्याला कच खायची नाही.

२९ मार्च, सकाळ
आज शेवटची मॅच, आपल्याच हॉलमध्ये. जिंकलो तर राहिलो. मान जरा आखडलीये. टेन्शन.

२९ मार्च, संध्याकाळ
हरलो.
लिहून ठेवतो. हॉल गच्च भरला होता. आज्या, तान्ही पोरं. मावशींनी सगळ्या खिडक्या लावून टाकल्या, फटींत ब्लँकेटं कोंबली. मी म्हटलं, असू दे, लोकांच्या समजुती.
तियानाच्या सर्व्हिस एकामागून एक जाळीत. तरी बाकीच्या पोरींनी जीव तोडून मॅच पाचव्या सेटला नेली. १३–१४. सर्व्हिस तियानाची. चिकटपट्टीवरून धावली. टॉस सरळ वर गेला. सरळ खाली आला. कुठेही सरकला नाही. ती डावीकडे, चेंडू उजवीकडे. हात ताणून मारला, जाळीत.
मी ओरडलो, मनगट! मग खिडक्यांकडे बघितलं.

३० मार्च
मान अजिबात हलत नाही. हॉलमधलं सामान आवरायला गेलो. स्टोयांकामावशींनी न विचारता राकिया दारूत भिजवलेला फडका मानेला गुंडाळला. हॉलच्या किल्ल्या पिशवीत टाकून नगरपालिकेत द्यायला निघाल्या.
तियाना जमिनीवरची चिकटपट्टी नखानं खरवडत होती. म्हटलं, दुसऱ्या गावची टीम घेईल तुला, तुझी जुनी सर्व्हिस दाखव. म्हणाली, काल घरामागे मारून पाहिली, सर. आता येत नाही.
तिच्याकडे बघून माफी मागायची होती. मान वळली नाही. समोरच्या बंद खिडकीकडे बघतच मागितली.