यंदा पराग आणू नकोस

सीबा, १४ मार्च

लाडक्या जासिब,

तुला, माहरुखला आणि मुलींना सलाम. आम्ही बरे आहोत. गझवानच्या बापाचा गुडघा दुखतो, पण तोंड ठणठणीत आहे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. हल्ली दोन्ही काठांवरचे कान लांब झालेत. ही चिठ्ठी करबल्याहून परतणाऱ्या तुझ्या शेजारणीच्या हाती देते. उद्या सीमेवरचा नाका बंद होण्याआधी ती पलीकडे पोचेल.

माहरुखने नवरोजची तयारी सुरू केली असेल. मागच्या वर्षी ती आणि गझवानचा बाप आमच्या ओट्यावर नदीच्या नावावरून भांडले, आठवतं? ती म्हणे तुमच्या देशातलं अरवंद, हे म्हणत आमच्या देशातलं शत्त. शेवटी तू म्हणालास, "नाव काहीही ठेवा, चहा गार होतोय." किती हसलो होतो. आता तेच भांडण टीव्हीवर मोठी माणसं करतात आणि हसत कुणी नाही.

मुद्द्याचं सांगते. आजोबांच्या नर खजुरीचा पराग यंदा आणू नकोस. बाजारातून घेतलाय, चांगला आहे.

हे वाचून तू हसशील. दोन्ही देशांच्या जुन्या लढाईत दोन्ही काठांच्या बागा जळाल्या, तुझ्याकडचं ते एक झाड उरलं, आणि त्याच्याच परागावर आमच्या बरही जातीच्या खजुरी पुन्हा फळल्या. नाका उघडा असो की बंद, दर वसंतात तू पहाटेच्या भरतीला होडी घालून आमच्या ओहोळात येतोस. बाजारचा पराग मी झाडाला लावणार नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे. तर खरं ऐक.

गझवानला सैन्याने आमच्याच ओहोळाच्या तोंडाशी पहाऱ्यावर ठेवलंय. परवा जेवायला आला. मी म्हटलं, "घराजवळ आलास, बरं झालं."

"कसलं बरं, आई? पाण्यात काही हललं की गोळी घाला, असा हुकूम आहे."

"आणि होडीत मामा असला तर?"

त्याने घास खाली ठेवला. "धुक्यात मामा कसा ओळखू?" म्हणाला आणि ताटावरून उठला. त्याला पोहायला तूच शिकवलंस.

मला भीती वाटते रे. राज्यं आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील. पण माझ्या लेकाच्या हातून तू गेलास, तर माझ्या घरात समेट कोण करणार?

नुसतं नको म्हटल्याने तू थांबणार नाहीस. आई म्हणायची, जासिबला दार लावलं तर तो भिंतीवरून येतो. म्हणून काल माणूस चढवला आणि सगळ्या मादी खजुरींचे फुलांचे तुरे कापून टाकले. गझवानचा बाप घरात जाऊन बसला, बघायला बाहेर आला नाही. खाली पडलेलं शेळ्यांनी खाल्लं. आता तू पराग आणलास तरी तो घालायला बागेत फूल नाही.

आजोबांच्या झाडाला जप. बाग एक वर्ष रिकामी राहिली तर राहू दे. तुम्ही मामा-भाचे दोघं उरलात, तर पुढच्या वसंतात ती फळेल.

आधी तुझी बहीण, मग गझवानची आई,
नूरिया