एका चौकोनात दोन रुक्मिणी

१२ जाने., रवि.
ऑनलाइन वर्गाचा पहिला दिवस. 'आपली वंशावळ आपणच शोधा.' सर पुण्याचे, आवाज गोड. पहिला पाऊण तास स्वतःच्या पणजोबांवर. मग पडद्यावर पेशवाईतले मोडी कागद, तीर्थाच्या ठिकाणच्या पंड्यांच्या वह्या. मी विचारलं, निजामाच्या मुलखाचं काय? आमचे जुने कागद उर्दूत आहेत. म्हणाले, "हो, तुमच्याकडे जरा कठीणच आहे." तुमच्याकडे! जालना जणू समुद्रापलीकडे.
तरी बसून राहिले. पुरवणीला लेख कबूल केलाय: घरबसल्या वंशावळ कशी शोधावी, कोणती संकेतस्थळं, कोणते वर्ग, फुकट काय. गुरुवारी द्यायचा.
गृहपाठ: आपल्या घराचं झाड बनवा. आमचं तयारच आहे. चुलतभाऊ बापूदादाने (इथे नुसतं बा.) एका फुकट संकेतस्थळावर केलंय, घरातलं कुणीही त्यात भर घालू शकतं. उघडलं. आजोबांच्या शेजारी एकच चौकोन, रुक्मिणी.
दिवाळीत मी दोन केले होते. पहिली रुक्मिणी, माझी आणि बापूदादाची सख्खी आजी, काका पाळण्यात असताना गेली. दुसरी तिच्यानंतर घरात आली, गयाआत्याची आई. तिलाही रुक्मिणीच म्हणायचे. संकेतस्थळाने विचारलं, 'या दोन व्यक्ती एकच आहेत का?' बा. ने 'हो' दाबलं. मग मेलेल्या बाईला मुलगी होते असं दिसायला लागलं, म्हणून त्याने आजीचं मरण पुढे ढकललं. चार-पाच वर्षं जास्त जगवली तिला.
एवढं कुणी तिच्या हयातीत केलं असतं तर.

१४ जाने.
संक्रांत. बा. चा फोन. तिळगुळाचं एक वाक्य, मग सरळ मुद्दा.
"शकू, ते दोन चौकोन पुन्हा करू नको. नाव एकच हाये. मशीन बी म्हनून राह्यलं, एकच हाये म्हनून."
"मशीनने विचारलं दादा, सांगितलं नाही."
"तुला कहाला पाह्यजे? तू दिल्या घरची."
कारण नंतर निघालं. त्याच्या तुषारसाठी बदनापूरचं स्थळ. मुलगी शिकलेली, नोकरीवाली. पाहुण्यांना त्याने मोबाईलवर झाड दाखवलं, सात पिढ्या, पाहुणे खूश. "त्यात ती मोहतुराची बाई घुसडू नको. लोकं म्हनतील, विधवा करून आणनारं घर."
आजोबांनी तिला मोहतूर लावून आणलं हे खरं. विधवा होती. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, दिवस मावळल्यावर मागच्या दाराने. अख्ख्या गावाला माहीत आहे. पाहुण्यांना तेवढं कळायला नको.
मी म्हटलं, आत्या अजून जिवंत आहे. म्हणाला, "ती कहाला मोबाईल पाहती?"
तिळगूळ घ्या म्हणे.

१६ जाने., गुरु.
लेख दिला. दुपारी दोनच्या आत, नेहमीप्रमाणे. संपादकांचा निरोप, थोडा सकारात्मक करा. केला. 'ऑनलाइन झाडात कुटुंबातील प्रत्येकाला दुरुस्ती करता येते, हा मोठाच फायदा आहे.' हे मीच लिहिलंय.
लेख पाठवून झाल्यावर रुक्मिणी वेगळ्या केल्या. चहाच्या आत परत एक झाल्या.

१९ जाने., रवि.
वर्ग. अर्ध्या लोकांना सरदार पूर्वज हवाय, उरलेल्यांना सापडलाय. एका गृहस्थांनी तलवार दाखवली, म्यान नवं होतं. सर म्हणाले, घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढा, त्यामागची हकिकत लिहा, चढवा. मतभेद असतील तर पुरावा ठेवा आणि सौजन्य ठेवा.
सौजन्य संपत आलंय. पुरावा बघते.
झाडात नवा चौकोन. तुषारच्या शेजारी 'राजनंदिनी', खाली शिक्षण, जन्मगाव बदनापूर. अजून सुपारी फुटली नाही आणि हा सून लावून मोकळा. मुलीचं नाव मात्र ठसक्याचं आहे.

२२ जाने., बुध.
एस.टी.ने कुंभार पिंपळगाव. आत्याकडे. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्यासमोर सूप सरकवलं, मग बोलायला लागली.
बा. चा अंदाज चुकला. नातीने तिला झाड दाखवलंय.
"पोरीनं मोबाईल धरला पुढं. म्हनली, आज्जे, ही तुही माय. म्या इच्यारलं कोनती? तर म्हनती, एकच हाये. अन् खाली लिव्हलंय, तुमच्या आज्जीची पोरं बी तिचीच, मी बी तिचीच." शेंग कडकन मोडली. "मंग मी काय भुताच्या पोटची हाये?"
मी म्हटलं, बापूदादाने मरणाची तारीख पुढे नेली, म्हणजे भुताच्या नाही.
"लै उपकार केले."
मग हसली. मी नाही हसले.
नाव एकच कसं, हे पहिल्यांदा नीट कळलं. आत्याची आई माहेरची सखू. या घरात पाय ठेवला त्याच दिवशी आमच्या पणजीने तिला रुक्मिणी करून टाकलं. पोरांच्या तोंडात तेच नाव, गोठ्यावरच्या गड्याच्या तोंडात तेच. कोण नवं शिकणार?
"मामा आला की तिला सखू म्हनायचा. तवा ती पटकन वळायची. रुक्मिणी म्हनलं की जरा थांबून."
देवघरातून आत्याने चांदीचा टाक आणला. बोटाच्या पेराएवढा, झिजलेला. त्यावर बाईचा ठसा, नाक पुसलेलं. सवतीचा टाक. मेलेल्या बायकोचा, नव्या बायकोने गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली त्रास देत नाही. सखूने मरेपर्यंत घातला. सणाला आधी त्याला नैवेद्य, मग स्वतः जेवायची.
"तुह्या आज्जीला माह्या मायनं जल्मभर गळ्यात वागवलं," आत्या म्हणाली. "अन् बापू म्हनतो, दोघी एकच."
निघताना म्हणाली, "मी हाये तवर तिचं येगळं करून ठेव. मी गेल्यावर तिला पाह्यलेलं कोनी न्हाई. बापू जे लिव्हल तेच खरं व्हईल."
फोटो काढले. दोन्ही बाजूंनी.

२३ जाने., गुरु.
चौकोन वेगळा केला. सखूबाई, सासरचं नाव रुक्मिणी. टाकाचा फोटो, खाली हकिकत, माझ्या नावानिशी. विशेषण एकही नाही.
तासाभरात बा. चा फोन.
"चांदीचा तुकडा दावून काय सिद्ध व्हतं?"
"स्वतःचाच टाक स्वतःच्या गळ्यात कुणी घालतं का, दादा?"
मोठ्याने, "तू पेपरवाली, तुला घरं फोडायचीच सवय." मग, लग्नाला पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, बरं. त्याला भांडण हवं होतं, बरं नको होतं. म्हणाला, "तुझ्यात अन् त्या म्हातारीत सात पिढ्यांचं नाव घालवायची धमक हाये."
संध्याकाळी झाड पाहिलं. सखूबाई आहे. पुराव्याचा फोटो लावलेला चौकोन काढायचा किंवा जोडायचा तर तो लावणाऱ्याची, म्हणजे माझी मंजुरी लागते, तशी विनंती येऊन पडलीय. म्हणून त्याने जे जमलं ते केलं. मला काढलं. माझ्या वडिलांखाली आता एकटा भाऊ. व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही गेले.
वडिलांची मुलगी म्हणून त्या झाडात मी होते, हेच आज पहिल्यांदा नीट पाहिलं. नसताना.

२६ जाने., रवि.
वर्ग. सरांनी पुरवणीतला माझा लेख पडद्यावर दाखवला, दुरुस्तीच्या फायद्याचं वाक्य वाचून. सगळ्यांनी अंगठे दिले. मी कॅमेरा बंद केला.
आत्याचा फोन. "लागलं का मायचं नाव?"
"लागलं."
"सखू लिव्हलं ना?"
"सखूच."
"बापू काय म्हनला?"
"काही नाही."
"खोटं बोलून राह्यली," म्हणाली, आणि ठेवला.

२८ जाने., मंगळ.
सकाळी संकेतस्थळावर निरोप. टाकाच्या फोटोखाली माझं नाव अजून आहे, तिथून आला. तसाच उतरवते.
'नमस्कार आत्या. मी बदनापूरची प्राजक्ता. तुषारसाठी आमच्याकडे बोलणी चालू आहेत. सखूबाईंची हकिकत वाचली. मोहतुराबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुषारच्या शेजारी राजनंदिनी म्हणून जे नाव आहे, तिचं शिक्षण आणि गाव माझं आहे. हे नाव कुणी ठेवलं? मला कुणी विचारलेलं नाही. तुमच्या घरात अजून तसं करतात का? रविवारी सुपारी आहे. घरी अजून बोलले नाही, आधी तुम्हाला विचारते. खरं सांगाल असं वाटलं.'
दोनदा वाचलं. ते तिचंच नाव समजून मी बसले होते. ठसक्याचं म्हणाले होते.
खरं सांगायचं तर, करतात. बा. च्या बायकोचं केलं, माझ्या भावाच्या बायकोचं केलं. माझंही सासरी केलं होतं, मी लेखाखाली लावलं नाही एवढंच. हे कळवलं आणि सोयरीक मोडली तर खापर माझ्यावर, आत्यावर, त्या टाकावर. तुषार वाईट मुलगा नाही. त्याला बापाने हे विचारलं तरी असेल का, माहीत नाही. आणि नाही कळवलं तर रविवारी सुपारी फुटेल, मग लग्नात ती पाटावर बसेल आणि कुणीतरी तांदळात बोटाने तिचं नवं नाव लिहील.
आयुष्यभर वेळेत मजकूर दिला. हा सकाळपासून अडलाय.
बा. चा फोन वाजतोय, तिसऱ्यांदा. त्याला कळलंय की विनंती मंजूर करा म्हणतोय, समजायला मार्ग नाही. उचलला नाही. आधी हे.
अजून एकच शब्द झालाय: 'प्राजक्ता,'. तो तरी बरोबर आहे.