सातवी ‘ब’चे सोनेरी तारे

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ५.५०
राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ आजपासून. या काळात तीन गोष्टी बंद: चहा, राग, उशिरा उठणं. (पाचला उठायचं होतं. पण पहिलाच दिवस.)
प्रिन्सिपल मॅडमनी मला आत्मिक वाढ विभागाचा इनचार्ज केलंय. सध्या हंगामी. सहा मार्चला संस्थेची कमिटी येऊन मुलांची आत्मिक वाढ बघणार. आवडली तर मी कायम, नाहीतर काम छाया मॅडमकडे. छाया मॅडम मुलांना नुसत्या गोष्टी सांगतात. वाढ मोजावी लागते, हे त्यांना कोण सांगणार?

२० फेब्रुवारी, शुक्रवार
तक्ता तयार. सातवी ‘ब’ची एकेचाळीस नावं, पुढे रकाने: संयम, क्षमा, सत्य. चांगलं वागलं की सोनेरी तारा.
शाळा सुटल्यावर प्रार्थनाघरात एकटाच लावत होतो. खिळा ठोकताना शेजारची उत्तम मेंढपाळ येशूची तसबीर पडली, काच फुटली. तसबिरीचा हूक आधीच सैल होता, त्यामुळे मी फोडली असं काही म्हणता येणार नाही. कपाटामागे ठेवली. सोमवारी द्वारका चौकातल्या काचवाल्याकडून काच बसवून आणीन. मॅडमच्या जिवाला घोर कशाला?
दाराशी वर्गातली पिंकी दिसली. डबा विसरली होती. तिने काही पाहिलं नसावं.
कॉफी घेतली. कॉफी म्हणजे चहा नव्हे.

२३ फेब्रुवारी, सोमवार
काचवाल्याकडे जाण्याआधीच झाडताना चतुराबाई मावशींना तसबीर सापडली. मॅडम परिपाठात म्हणाल्या, काच नवी येईल, पण ज्याने फोडली त्याने कमिटी यायच्या आत सांगावं. मी सांगणारच होतो, तेवढ्यात घंटा झाली.
नंतर विचार केला. ही तर सत्य शिकवायची संधी! वर्गात जाहीर केलं: कबूल करेल त्याला शिक्षा नाही, उलट तारा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
नऊ जणांनी कबूल केलं. एका दिवसात! छाया मॅडमना जमलं असतं?

२६ फेब्रुवारी, गुरुवार
एकतीस. इमरान म्हणतो, त्याने दोनदा फोडली. त्या शुक्रवारी तो मालेगावला लग्नाला गेला होता, पण तळमळ बघून दोन तारे दिले. राजने फोडली नव्हती, पण फोडावीशी वाटली होती म्हणे. अर्धा तारा कापून चिकटवला.

२ मार्च, सोमवार
चाळीस. फक्त पिंकी उरली. बाजूला घेऊन समजावलं. तिचं एकच, सर, मी नाही फोडली. काय हे कठीण हृदय! माझा आवाज चढला, पण तो राग नव्हता, कळकळ होती. तारा नाही तर कमिटीपुढे गायच्या गटात उभं राहायचं नाही, असं सांगितलं. तिचे वडील सातपूरला कामाला आहेत, शिफ्ट बदलून गाणं ऐकायला येणार आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हापासून जेवण जात नाहीये.
ॲसिडिटी. कॉफीने होते. उद्यापासून परत चहा.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळ
कमिटी गेली की मॅडमना शांतपणे सांगणार. आधी सांगितलं तर चाळीस मुलांची कबुली खोटी पडेल. शेवटी मुलांचा विचार करायला हवा.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी १
कमिटीतल्या, चर्चच्या वयस्कर पाळकसाहेबांनी तक्ता आणि त्याखाली मी लिहिलेली ‘काचेची कबुली: ४०’ ही ओळ वाचली. एक काच चाळीस जणांनी कशी फोडली, असं विचारलं. मी म्हटलं, सामूहिक पश्चात्ताप. ते हसले नाहीत. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी पिंकीला बोलावलं. ती गटाबाहेर, दाराशी उभी होती. तिचे वडील मागच्या बाकावर.
काच कोणी फोडली, असं त्यांनी तिला विचारलं.
पिंकी खाली बघत म्हणाली, "ज्यांनी फोडली ते सांगतील. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते."
मी उठलो. तोंड उघडलं. "चहा तयार आहे," म्हणालो.
पाळकसाहेबांनी आधी तिला गटात उभं केलं. गाणं झालं. मग सगळ्यांनी चहा घेतला. मीही.

त्याच दिवशी, ५ वाजता
विभाग छाया मॅडमकडे गेला. प्रिन्सिपल मॅडमनी मला काहीच विचारलं नाही, तेच जास्त लागलं.
तक्ता काढायला गेलो. वडील गाडी काढेपर्यंत पिंकी तिथे थांबली होती. तिने न सांगता स्टूल धरलं. वरूनच म्हटलं, काच माझ्याकडून फुटली गं.
"माहितीये सर."
खाली उतरलो तर तिच्या हातात ताऱ्यांचं पाकीट. एक तारा सोलून तिने बोटावर घेतला होता. मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी.
"मॅडमना सांगितलं?" तिने विचारलं.
सोमवारी नक्की सांगतो म्हटलं.
तिने तारा परत कागदावर चिकटवला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.