उरलेल्या सहा प्रयत्नांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय फोटो स्टुडिओ (आता बंद), राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. साक्षीदार क्रमांक एक, म्हणजे खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, यांनी खात्रीसाठी मला सतरा आठे किती असे विचारले. मी एकशे छत्तीस सांगितले. ते एकशे सव्वीस म्हणत होते. साक्षीदार बदलावा का, असा विचार मनात आला होता, पण ते जिना चढून आले होते.

१. राहते घर आणि त्यातील सर्व वस्तू माझ्या पत्नीच्या. तिच्यानंतर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समसमान. यात भांडण्यासारखे काही नाही, तरी ते सापडेलच.

२. स्टुडिओतले गोल फिरणारे स्टूल, ज्यावर या गावाने पासपोर्ट फोटोसाठी चेहरा पाडून बसण्याची परंपरा जपली, ते डॉक्टरांना द्यायचे होते. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे त्यांनीच हिरमुसून सांगितले. सबब ते मी आजच देऊन टाकले. सध्या ते त्यावरच बसून हे ऐकत आहेत आणि मधूनमधून फिरत आहेत.

३. आता मुख्य मिळकत, म्हणजे अडतीस हजार फोटो. धंद्यात माझा एक नियम होता. प्रत्येक निगेटिव्हच्या दोन प्रती, एक डबा स्टुडिओत आणि दुसरा फ्रेमवाल्याच्या माळ्यावर. एकदा वरची टाकी फुटून स्टुडिओत गुडघाभर पाणी झाले, तेव्हा माळ्यावरच्या डब्यानेच अब्रू राखली. पुढे निगेटिव्ह एकमेकींना चिकटून विटा व्हायला लागल्या, म्हणून सगळे स्कॅन करून क्लाउडवर ठेवायचे ठरले. क्लाउड म्हणजे परक्याचा माळा, एवढे मला चटकन समजले. कुणाचा माळा, हे ठरवायला आठ महिने लागले.

प्रत्येक कंपनीला मी तीनच प्रश्न विचारले. दुसरा डबा कुठे ठेवता? माझी वस्तू परत मागितली तर किती दिवसांनी आणि काय घेऊन द्याल? आणि मी मेलो तर कुणाला द्याल? तिसऱ्या प्रश्नाला एका कंपनीच्या मुलीने ‘आपला दिवस आनंदात जावो’ असे उत्तर लिहिले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पहिला फुकटवाला. त्याची जागा आठवड्यात भरली. शिवाय त्याने चेहरे ओळखून थोरला आणि मी एकच माणूस आहोत असे ठरवले. थोरला अजून केस मागे वळवतो, ते माझ्यासारखा दिसू नये म्हणून. दुसरा शीतगृहवाला. ठेवायला जवळजवळ फुकट, पण परत मागितले की बारा तास थांबा आणि वर पैसे मोजा. शेजाऱ्याला दिलेली शिडी अशीच परत येते, म्हणून त्याला नमस्कार केला. तिसरा कुलूपवाला. तो सगळे तुमच्याच पासवर्डने बंद करतो, किल्ली कंपनीकडेसुद्धा नसते.

४. कुलूपवाला मी का निवडला, हेही नोंदवतो. त्याआधी थोरल्याने घरातला संगणक, पत्नीचा फोन आणि क्लाउड यांचे सिंक करून दिले होते. धाकटी माहेरी आली, आईचा फोन भरलेला पाहिला आणि ‘वर आहेतच की’ म्हणून तिने चांगल्या मनाने फोनमधले फोटो पुसले. सिंकचा धर्म असा की इथे पुसले की तिथेही पुसले. थोरला म्हणाला, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एवढेही कळत नाही का. ती म्हणाली, तोंड होतं ना, आधी सांगायचं. फोटो कचरापेटीतून तीस दिवसांच्या आत परत काढता आले, पण पुन्हा कुणी चांगल्या मनाने पुसू नये म्हणून मी किल्ली एकट्या माझ्याकडे राहील असा कुलूपवाला घेतला. भावाबहिणीचे बोलणे तीन वर्षे झाली, बंद आहे. याचे मला फार वाईट वाटते, फोटो गेले असते तरी इतके वाटले नसते. धाकटी पहिल्यांदा सायकल चालवते आहे आणि थोरला सीट धरून मागे धावतो आहे, असे चौदा फोटो त्यात आहेत. दोघांनी ते एकत्र बसून पाहावेत, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

५. अडचण अशी की मी पासवर्ड विसरलो आहे. तो कुठेही लिहू नका, असे दोघांनीही बजावले होते. तेवढ्या एकाच बाबतीत त्यांचे एकमत होते, म्हणून मी ते मोडले नाही. दहा वेळा चुकले की कुलूपवाल्याकडची पेटी कायमची रिकामी होते. माझे चार प्रयत्न वाया गेले. दुसऱ्या डब्याचे विचाराल, तर फोटोंची हार्ड डिस्क नियमाप्रमाणे फ्रेमवाल्याच्या माळ्यावर होती. त्याच्या जावयाने ती पुसून तीवर सिनेमे भरले. फ्रेमवाला आज साक्षीदार क्रमांक दोन म्हणून सही करतो आहे, ही त्याची कबुली समजावी.

सबब उरलेल्या सहा प्रयत्नांची वाटणी अशी: पत्नीला दोन, थोरल्याला दोन, धाकटीला दोन. तिघांनी एका टेबलाशी बसावे. जो सुचेल तो शब्द आधी मोठ्याने सांगावा आणि बाकीच्या दोघांनी हो म्हटल्याशिवाय कळ दाबू नये.

६. दुरुस्ती. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असता पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, तो पासवर्ड मला पाठ आहे. टाइप करताना तुम्ही एकेक अक्षर मोठ्यानं म्हणता.”

डॉक्टरांनी स्टुलावर अर्धा फेरा घेऊन सांगितले की शेवटचे चार आकडे खालच्या मजल्यावरही ऐकू येत असत. मग माझे चार प्रयत्न का वाया जाऊ दिलेस, असे मी पत्नीला विचारले. मला कुणी विचारलं, असे ती म्हणाली. निदान आता तरी सांग, असे मी म्हटले.

“आत्ता नाही. दोघांना रविवारी बोलवा, समोरासमोर बसले की सांगते. तुम्ही मरायची वाट कोण बघत बसणार?”

मी लगेच थोरल्याला फोन केला. त्याने विचारले, ती येणार आहे का. धाकटीला केला. तिने विचारले, तो येणार आहे का. मी दोघांनाही हो म्हणून सांगितले. येतो, येते, असे दोघेही म्हणाले.

तरी कलम ५ मधील वाटणी रद्द समजावी. बाकी मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात येईल. हे कलम येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अमलात येईल, आणि तोवर मरण्याची मला परवानगी नाही, असे पत्नीने कळवले आहे.

सही: स्टुडिओवाला

साक्षीदार १: दातांचे डॉक्टर, खालचा मजला (एकशे छत्तीस बरोबर आहे. कागदावर करून पाहिले.)

साक्षीदार २: फ्रेमवाला (हार्ड डिस्कबद्दल वाचले. रविवारी रिकामी नवी डिस्क घेऊन येतो. जावयाला आणणार नाही.)

ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली

तारीख: १९ नोव्हेंबर, मंगळवार