नऊ खिडक्या आणि एक हँडल

लॉरेल फोर्क, केंटकी
सोमवार, २१ ऑक्टोबर १९९१

तीर्थरूप आर्वेलदादास,

धाकट्या डेन्झिलचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. नऊ दिवस खिडक्यांखाली ओणवा राहिल्यामुळे कंबर सरळ व्हायला तयार नाही, तेव्हा हा नमस्कार पूर्ण मानाचा धरावास.) तुझी आणि लोरेटावहिनींची प्रकृती उत्तम असेल, आणि डेटनच्या कारखान्यात ओव्हरटाइम मिळत असेल, अशी आशा करतो. पत्र लिहिण्यासारखं इकडं काही विशेष नाही आणि तुझ्याकडं मागणं तर मुळीच नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मला वाटतं मी टाकीत तोंड घालून बोलतोय.

आईचं सांगतो. फेब्रुवारीत न्यूमोनियानं ती अकरा दिवस हॉस्पिटलात होती, हे तुला वहिनींकडून कळलंच असेल. तेव्हापासून काउंटीच्या नर्स टॅकेटबाई महिन्यातून एकदा येऊन तिची छाती तपासतात. गेल्या खेपेला बाईंनी आईची छाती सोडून खिडक्याच तपासल्या. बोट ओलं करून प्रत्येक खिडकीसमोर धरलं, आणि म्हणाल्या, “वर्डीआजी, बाहेर अंगणात इथल्यापेक्षा कमी वारा आहे.” कडक थंडीच्या आत सगळ्या खिडक्या घट्ट मिटल्या पाहिजेत, नाहीतर हिवाळाभर आईची रवानगी गावातल्या वृद्धाश्रमात. आई म्हणाली, “जाईन की. पण आडवी जाईन, आणि उचलायला चार जण लागतील.” बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. ३१ तारखेला, गुरुवारी, त्या परत येणार आहेत.

आपला ट्रेलर तुला आठवत असेल. कागदोपत्री ते ‘फिरतं घर’ आहे. एकाहत्तर साली बाबांनी दरीत आणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलं, त्यानंतर ते एकदाच फिरलं, सत्त्याहत्तरच्या पुरात, आणि तेही चार इंच. नऊ खिडक्या, काचेच्या आडव्या झडपांच्या, हँडल फिरवून उघडमीट करायच्या. हँडलं एकेक करून तुटत गेली आणि शेवटी नवांना मिळून एक उरलं. मग आईनं नियम केला, की ज्यानं खिडकी उघडली त्यानं हँडल खिशात ठेवायचं आणि मिटायचीही त्यानंच. “हँडल कुणाकडं आहे रे?” ही आपल्या घरात प्रार्थनेखालोखाल म्हटली जाणारी ओळ होती. पुढं तेही नाहीसं झालं (कसं, ते असो) आणि पक्कड आली. आईची बोटं सांध्यांत वाकडी झाली तशी पक्कडही सुटली. मग जी खिडकी जिथं होती तिथंच थांबली. फटींत बाबांचे खाणीतले जुने कपडे कोंबलेले आहेत. माणूस जाऊन दहा वर्षं झाली, पण बायकोला वारा लागू नये म्हणून अजून उभाच आहे.

आता तू म्हणशील, डेन्झिलकडं पैसा आहे, नव्या खिडक्या मागवायच्या. सगळी दरी तेच म्हणते. पैसा आहे, दादा, पण तो मी लोकांच्या मैल्याच्या टाक्या उपसून उभा केलाय. इतक्या वासातून आणलेली वस्तू हातातून सहज सुटत नाही. म्हणून मी बर्ल नोबलच्या भंगारात गेलो आणि पाडलेल्या शाळेच्या चार लाकडी खिडक्या अशा काही घासाघिशीनं उचलल्या, की वाटेत मला बर्लची दया आली. (ती वाया गेली. अशा वेळी दया कुणाची करायची, हे घरी पोचल्यावरच ठरवावं.) घराची भिंत असते वीतभर जाड. ट्रेलरची भिंत दोन बोटं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, वीस वर्षं त्याच भिंतीला डोकं टेकून झोपलोय, पण स्वस्त मालापुढं माणूस भिंत विसरतो. मी पत्रा कापून पहिली खिडकी बसवली आणि ती निम्मी खोलीत आली. आईनं बराच वेळ गंभीरपणे बघितलं, तिच्यावर आपलं बायबल आणि कवळीचा पेला ठेवला आणि म्हणाली, “फळी छान झाली हो. आता खिडकी कधी बसवतोस?” शेजारची गोल्डीमावशी मुद्दाम चष्मा घेऊन आली. “डेन्झिल, ही आत येतेय का बाहेर चाललीय? एकदा विचारून घे तिला.”

परत बर्लकडं गेलो. तिथं मागच्या काटेरी झुडपांत एक ट्रेलर दिसला. आपल्याच कारखान्याचा, आपल्याच सालचा. वर झाड पडून मोडलेला, पण खिडक्या शाबूत, आणि कुण्या शहाण्यानं आधीच बदलून घेतलेल्या, वर-खाली सरकणाऱ्या, दुहेरी काचेच्या. मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. बर्लच्या मोरीतून बारीक गुडगुड ऐकू येत होती, ती ऐकत उभा राहिलो. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. म्हटलं, “बर्ल, तुझी टाकी दोन दिवसांत अंगणात येणार. सासूबाई कधी येतायत म्हणालास?” सासूबाई रविवारी येत होत्या. मी टाकी उपसली, त्यानं खिडक्या दिल्या, आणि दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवल्याचं समाधान मिळालं. सौदा असाच असावा.

त्या मात्र बसल्या, दादा. जुनी चौकट बाहेरून सोडवायची, कुजलेलं लाकूड बदलायचं, कडेनं पुट्टीची पट्टी लावायची आणि नवी चौकट पत्र्यावर दाबून स्क्रू पिळत जायचं. पहिल्या खिडकीचं कापलेलं भोकही पट्ट्या मारून पूर्ववत केलं. आठ खिडक्या झाल्या. त्या आठांपुढं आता मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही.

राहिली नववी, स्वयंपाकघरातली, सिंकवरची. मी पेचकस घेऊन गेलो तर आई समोर उभी, हातात माश्या मारायची जाळी, आणि ऑक्टोबरात माशी एक नाही.

“हिला हात लावायचा नाही.”

“आई, तीन बोटं उघडी आहे ती.”

“मला मोजता येतं.”

“टॅकेटबाई तुला घेऊन जातील.”

“ती बिघडलेली नाही रे. तिला फक्त हँडल नाही.”

प्लास्टिक ताणून लावलं, ते सकाळी कचऱ्यात होतं. मग शनिवारी मी बाहेरून शेजारच्या खिडकीचे स्क्रू पिळत होतो आणि आत आई गोल्डीमावशीला मक्याचा पाव वाढत होती. दोन बोटांच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. आई म्हणाली, “ज्यानं उघडली त्यानं येऊन मिटावी. घरचा नियम आहे.” मी तो स्क्रू नंतरही बराच वेळ पिळत राहिलो. तो केव्हाच घट्ट झाला होता.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तू सिगारेटचा धूर बाहेर जावा म्हणून ती उघडलीस आणि हँडल नियमाप्रमाणे खिशात टाकलंस. बाबांना वास आलाच. पुढं जे बोलणं होऊन तू हँडलासकट घर सोडलंस, ते मी लिहीत नाही. दोघंही सारखेच चुकलात, आणि दोघांपैकी एकालाच आता काही करता येण्यासारखं आहे. बाबांच्या मातीला आलास तोही कबरस्तानातूनच परत फिरलास. असो. दोष देत नाही, फक्त खिडक्यांचं काम कुठवर आलं ते कळवलं.

वहिनींना नमस्कार सांग. आईला पत्राचं सांगितलेलं नाही, म्हणून तिचा आशीर्वाद लिहीत नाही. पण तो असतोच.

तुझा,
डेन्झिल

ता. क. उगाच काळजी करून येऊ नकोस. रस्ता खराब आहे आणि काम जवळजवळ संपलंय.

ता. क. दुसरा. नाताळात वहिनींनी फोनवर विचारलं होतं, की यांच्या कपाटातल्या डबीत दाते असलेला एक लोखंडी तुकडा आहे, टाकू देत नाहीत, कशाचा आहे? मी म्हटलं, ठाऊक नाही. चर्चमधून येऊन तासही झाला नव्हता.

ता. क. तिसरा. तो पोस्टानं पाठवू नकोस. टॅकेटबाई दहाला येतात. डेटनहून पहाटे चारला निघालास तर नऊला पोचशील. जेवणाचं म्हणशील तर आई घेवडा आदल्या दिवशीच भिजत घालते.

ता. क. शेवटचा. खरं सांगायचं तर तुझ्या हँडलवाचून काही अडलेलं नाही. बर्लकडं कॉफीचा डबाभर तसलीच आहेत. काल आई चर्चला गेल्यावर मी एक लावून पाहिलं. अडीच वेढ्यांत खिडकी घट्ट मिटली. मग अडीच वेढे उलटे फिरवून परत तीन बोटं उघडी ठेवली, मोजून. हँडल माझ्या खिशात आहे. गुरुवारी दहापर्यंत ते खिशातच राहील. त्यानंतर मलाच मिटावी लागेल, आणि आईचे कान माझ्याहून तिखट आहेत; कुणाचा हात फिरतोय, ते तिला आवाजावरून कळेल.